चढ, घड्याळ आणि वारीचा आकडा



अर्ध्या मॅरेथॉनचे अंतर किती, असे मला दहा वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर मी हसून विषय बदलला असता. आता तोंडपाठ आहे : २१.०९७५ किलोमीटर. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, तिचे हे बरोबर अर्धे. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत जेवढे अंतर भरले, तेच पुढे १९२१ पासून जगाने कायमचे धरले. राजाच्या बसण्याच्या सोयीने ठरलेले अंतर, आणि लोक त्याच्या शेवटच्या मीटरपर्यंत जिवापाड धावतात. आळंदी ते पंढरपूर आपण सुमारे अडीचशे किलोमीटर म्हणतो. त्या ‘सुमारे’वर आपले कधी अडले नाही. असो.

कीर्तनकाराने धावण्यावर का लिहावे? माझा मुलगा गोरेगाव पूर्वेला राहतो आणि मी त्याच्याकडे. पहाटे काकड्याला उठायची सवय जात नाही. घरात सगळे झोपलेले असतात, म्हणून मी काठी घेऊन आरे कॉलनीच्या रस्त्यावर जातो. तिथे रोज धावणारी मंडळी भेटतात. त्यांच्यापैकी काहींशी ओळख झाली, आणि ओळखीतून एक प्रश्न माझ्या पदरी पडला. धावणारे एका गोष्टीला ‘पर्सनल बेस्ट’ म्हणतात, म्हणजे त्या अंतराची स्वतःची आजवरची सर्वांत चांगली वेळ. ती मोडली की त्यांना पहिला नंबर मिळाल्यापेक्षा जास्त आनंद होतो. हा आनंद कोणत्या जातीचा? साधनेचा की अहंकाराचा?

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न आपला नाही. थोडे थांबा. हा आपला कसा आहे ते पुढे येईल, आणि आल्यावर कदाचित आवडणार नाही.

आधी जागा सांगतो. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर एका ठिकाणी आणावेत म्हणून १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दारा खुरोडी यांची ही योजना. त्यांना पुढे १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजही तिथले पत्ते युनिटच्या नंबरावर चालतात. पण गोठ्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे वारली लोकांचे पाडे आहेत आणि त्यांचा वाघदेव आहे. पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान. बिबट्या दिसला ही तिथे बातमी नसते, फक्त लोक चार दिवस घोळक्याने चालतात. हमरस्ता सोडून चेकनाक्यातून आत शिरले की पाच मिनिटांत हवा बदलते, आणि रस्ता सपाट राहत नाही. छोटा काश्मीर, पिकनिक पॉइंट या बाजूंना तो चढतो, उतरतो, वळतो, पुन्हा चढतो. समुद्राकाठी सपाट रस्त्यावर धावणाऱ्या माणसाला इथे आल्यावर आपले पाय नव्याने कळतात. चढाच्या शर्यतीची तयारी करणारे इथे येतात ते यासाठीच.

यातली बरीच मंडळी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जातात. २०१२ पासून ती शर्यत भरते. सातारा शहरातून निघायचे, यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि अर्ध्यावरून मागे फिरून त्याच वाटेने खाली यायचे. मी मूळचा त्याच जिल्ह्यातला, म्हणून मला तिचे कौतुक अंमळ जास्त. शिवाय ती शर्यत मला जपमाळेसारखी वाटते : मेरुमणी आला की ओलांडायचा नाही, उलटे फिरायचे.

चढावर धावणे म्हणजे काय, हे मी या पोरांना खोदून खोदून विचारले आहे. सपाटीवर घड्याळ खरे बोलते. चढावर तेच घड्याळ माणसाला फसवते. सपाटीचा वेग घाटात टिकवायला गेलात तर दोन किलोमीटरमध्ये छाती भरून येते आणि उरलेला घाट पाय ओढत काढावा लागतो. म्हणून जाणता धावणारा चढावर वेग पाहत नाही, श्वास पाहतो. पाऊल आखूड टाकतो, अंग किंचित पुढे झुकवतो, नजर पुढच्या पाच-दहा पावलांवर ठेवतो. चढावर जितका वेळ गेला तितका उतारावर परत मिळत नाही, हेही त्याला ठाऊक असते. उतार दिसायला सोपा, पण प्रत्येक पावलाला अंगाचा भार मांडीने झेलायचा असतो. उतरतानाच मांड्या पेटतात आणि गुडघे बोलू लागतात. पखवाजात विलंबित लय सांभाळणे द्रुतापेक्षा अवघड का असते, हे ज्याला कळले त्याला घाट लगेच कळेल.

आणि हे एका दिवसात येत नाही. महिनोन्‌महिने तोच चढ चढायचा, चालत खाली यायचे, पुन्हा चढायचे. पावसात, चिखलात, कोणी पाहत नसताना. ज्ञानेश्वर महाराज बाराव्या अध्यायात अभ्यासाचे सामर्थ्य सांगतात, तिथे अभ्यासाच्या बळावर कोणी अधांतरी चालले, कोणी वाघ आणि साप वश केले, विष पचनी पडले, समुद्रावर पायवाट झाली, असे दाखले देतात. आम्ही कीर्तनात हे रंगवून सांगतो आणि श्रोते माना डोलावतात. आरेच्या चढावर पहाटे साडेपाचला ते डोळ्यांनी पाहायला मिळते. सहा महिन्यांपूर्वी त्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभा राहणारा गडी आज बोलत बोलत वर जातो. तेव्हा धावणे हे तरुणांचे खूळ आहे, असे कोणी म्हणाले तर मला पटत नाही. यात नेम आहे, आहार-निद्रेवर ताबा आहे, आणि नेमाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता पूर्वपक्ष मांडतो. धावणारा म्हणतो, मी कोणालाच हरवत नाही. शेकडो लोक माझ्या पुढे गेले तरी मला दुःख नाही. माझी स्पर्धा माझ्याशीच आहे, मग यात अहंकार कुठून आला? वर असेही म्हणतो की घड्याळ खोटी स्तुती करत नाही. हे दुसरे म्हणणे मला फार लागले. पंचेचाळीस वर्षे कीर्तन केले. कीर्तन पडले तरी लोक पाया पडतात, हार घालतात, ‘महाराज, आज अमृत पाजलेत’ म्हणतात. कोणते कीर्तन खरे उभे राहिले आणि कोणते नुसते उरकले, हे मला सांगणारे घड्याळ कुठेच नव्हते. धावणाऱ्याला निदान ते आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तुम्हाला आठवत असेल. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत तिने पात्रता फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ दिली. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. दोन दिवसांनी अंतिम फेरीत तिला तीन सेकंद जास्त लागले आणि ती दहावी आली. म्हणजे उत्तम वेळ पदकाच्या दिवशी आली नाही, त्याआधीच येऊन गेली. तिचा विक्रम २०२३ साली पारुल चौधरीने मोडला. दुष्काळी माणमधल्या पोरीने जगातल्या दहांत धावून दाखवले याचा मला अभिमान आहे, पण इथे सांगायचे ते वेगळे : उत्तम वेळ बोलावल्यावर येत नाही, आली तर सांगून येत नाही, आणि ती कायमची राहत नाही. धावणाऱ्यांना हे माहीत असते. म्हणून त्यांच्यातले जुने लोक आपल्या वेळेबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

तरीही पूर्वपक्ष पुरा पटत नव्हता, आणि का पटत नाही ते मला सांगता येत नव्हते. ते एका तरुणाने सांगितले.

आमच्या भजनी मंडळातल्या पखवाजवादकांचा हा मुलगा. बँकेत नोकरी, एकादशीला टाळ घेऊन उभा राहणारा. दोन वर्षे आरेत घाम गाळून साताऱ्याला गेला आणि स्वतःची आधीची वेळ ३८ सेकंदांनी मोडून आला. घरच्यांनी पेढे वाटले. चार दिवसांनी माझ्याकडे एकटाच आला आणि म्हणाला, “महाराज, उतरताना सतराव्या किलोमीटरच्या आसपास एक पन्नाशीचे गृहस्थ रस्त्याच्या कडेला पोटरी धरून बसले होते. मला बघून त्यांनी हात वर केला. पुढे दोनशे पावलांवर पाण्याचं टेबल होतं, तिथली पोरं होती. मी जाता जाता त्या पोरांना ओरडून सांगितलं आणि थांबलो नाही. थांबलो असतो तर एक मिनिट तरी गेलं असतं. ते ३८ सेकंद काही माझ्या घशाखाली उतरत नाहीत.”

मी त्याला पाप वगैरे म्हटले नाही. मदत जवळ होती, त्याने सांगितलेही, तो माणूस तिथे मरायला टाकला नव्हता. व्यवहाराने त्याची काही चूक काढता येणार नाही. मी एवढेच विचारले, “हात वर दिसला तेव्हा तुझ्या मनात आधी काय आलं?” तो खाली बघत म्हणाला, “घड्याळ.”

माउली, हे एका शब्दाचे उत्तर मला दहा प्रवचनांपेक्षा जास्त सांगून गेले. दुसऱ्याला हरवायला निघालेल्या माणसाला दुसरा दिसतो तरी. शत्रू म्हणून का होईना, त्याच्यावर नजर असते. स्वतःशीच शर्यत लावली की रस्त्यावर दोघेच उरतात, कालचा मी आणि आजचा मी. तिथे तिसऱ्याला जागा राहत नाही. तो पोटरी धरून बसलेला असला तरी आधी हिशोबातला एक खर्च म्हणून दिसतो, माणूस म्हणून नंतर. हा मुलगा चांगला, म्हणून त्याला चार दिवसांत ते टोचले. ज्याला टोचत नाही तो काय करतो, ते आपण आपल्या घरात शोधावे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की माणूस आपणच आपला सोबती आणि आपणच आपला वैरी. स्वतःला जिंकणे म्हणजे काय, यावर धावणाऱ्याने विचार करावा असा हा अध्याय आहे. माउलींनी तिथे नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत घेतला आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा होतो आणि घाबरून नळी आणखी घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नाही. पंजा सोडला की उडता येईल. पण त्याला वाटते, आपण धरले गेलो. कालच्या मीला हरवताना कालच्या मीलाच इतके घट्ट धरून बसायचे, की तो सुटला तर आपण कोण हेच कळू नये! ही नळी कधी मनगटावर बांधलेली असते, कधी आणखी कुठे.

आणखी कुठे, ते आता सांगतो. सुरुवातीला म्हटले होते की कदाचित आवडणार नाही.

दोन वारकरी भेटले की पायावर डोके ठेवून झाल्यावर पहिला प्रश्न कोणता असतो? “कितवी वारी?” बारावी, पंचविसावी, चाळिसावी. आपल्यात घड्याळ नाही म्हणून आपण धावणाऱ्यांना हसू नये. आपला आकडा हा आपला पर्सनल बेस्टच आहे. आणि मला तर तो त्यांच्या आकड्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. धावणाऱ्याची वेळ एक दिवस उतरणीला लागते. पस्तिशीत, चाळिशीत, उशिरात उशिरा पन्नाशीत तिची पाठ फिरते, आणि शरीरच त्याला नम्र करते. आपला वारीचा आकडा कधी उतरतच नाही. तो दर आषाढीला एकाने वाढतो. म्हातारपण त्याला ओसरवत नाही, उलट वजन देते. तो कमी करणारे कोणीच नाही.

मी असे गृहस्थ पाहिले आहेत की घरात आई अंथरुणाला खिळलेली, आणि हे प्रस्थानाला आळंदीत हजर. का? तर अखंड वारी मोडेल. गळ्यात तुळशी, कपाळी बुक्का, आणि आई शेजाऱ्यांच्या भरवशावर. त्या मुलाने साताऱ्याच्या घाटात जे एका क्षणात केले, तेच हे वीस दिवस करत होते, आणि त्यांच्या घशात काही अडकलेले मला दिसले नाही. कोणाची निंदा म्हणून हे लिहीत नाही. वारीचा नेम सुटू नये ही तळमळ खरीच असते. पण आपण ज्याच्या दर्शनाला जातो तो विटेवर उभा का आहे, हे आपल्याहून चांगले कोणाला माहीत? पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडून उठण्याचे नाकारले आणि देवाला वीट फेकून दिली. देवही रागावला नाही. थांबला. चालणाऱ्यांच्या या संप्रदायाचे दैवत हे थांबलेले दैवत आहे, आणि एका न उठलेल्या मुलामुळे ते तिथे आहे. माउली, आकडा मोडण्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी एकदा पुंडलिकाच्या बाजूने विचार करून पाहावा.

मग पळूच नये का? वेग वाईटच का? अजिबात नाही. आपल्या सोहळ्यातही धावणे आहे. रिंगणात पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व धावतात आणि लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. गोलात धावायचे, जिथून निघालो तिथेच यायचे. वेळापूरच्या अलीकडे उतारावर ‘धावा’ होतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या आठवणीने सत्तरीचे म्हातारेही उतारावर झेपावतात. कोण पहिला आला याची नोंद नाही. जो लवकर खाली पोहोचतो तो उरलेल्यांची वाट पाहत उभा राहतो, कारण पालखी आल्याशिवाय पुढे जायचे कुठे? वेग आहे, पण तो नंतर थांबायला मोकळा आहे. त्या मुलाला मी हेच सांगितले. घड्याळ काढून टाक असे नाही सांगितले. घड्याळाने त्याचे खूप भले केले आहे.

दिवे घाटाचेही तसेच. माउलींच्या वाटचालीतली पुणे ते सासवड ही सर्वांत लांब मजल, आणि तिच्या शेवटी घाट. तिथे रथाला जादा बैलजोड्या लावतात. रोजच्या जोडीला चढ झेपणार नाही हे आधीच मान्य केलेले असते आणि त्यात त्या बैलांचा कोणी अपमान मानत नाही. दिंडीचा वेग सर्वांत मागच्या म्हातारीच्या पायाने ठरतो. तरण्या पोराला ते जड जाते. पाय शिवशिवतात, पुढची दिंडी लांब गेलेली दिसते. घाटावर स्वतःचा वेग आवरून धरणे हे वेग वाढवण्याइतकेच कष्टाचे काम आहे, हे तो साताऱ्याचा धावपटू यंदा आमच्याबरोबर चालल्यावर स्वतःच म्हणाला. त्याच्या घड्याळात त्या दिवशी काय भरले ते त्याने मला दाखवले होते. मला चष्म्याशिवाय दिसले नाही.

माझ्याबद्दल विचाराल तर गुडघे गेले आहेत. दोन तास उभे राहून कीर्तन होत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी ते थांबवले. गेल्या तीन वाऱ्यांत मी दिवे घाट चालत चढलेलो नाही. सकाळी लवकर दिंडीच्या ट्रकमध्ये सामानाबरोबर बसून वर जातो आणि घाटमाथ्यावर झाडाखाली बसून राहतो. खालून आधी टाळांचा आवाज येतो, मग पताका दिसतात, मग बैल. आमची दिंडी वर आली की विणेकरी माझ्याजवळ येतो, मी त्याच्या पाया पडतो, तो माझ्या पाया पडतो, आणि वीणा माझ्या गळ्यात घालतो. पुढे जमेल तितका रस्ता मी चालतो. या तीन वाऱ्या माझ्या आकड्यात धरायच्या की नाही यावर आमच्या दिंडीत अजून एकमत झालेले नाही, आणि मी होऊन तो विषय काढत नाही.